गेडचा रंग

‘तांबूस’ या शब्दाने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. उर्सुला ल ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीची पहिली काही प्रकरणं घरातल्या पोरांना वाचून दाखवायची म्हणून मी हौसेने मराठीत करत होतो. कादंबरीचा नायक गेड हा गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरचा पोरगा. बाप ब्राँझकाम करणारा. आपल्याकडचा तांबट म्हणा. मुलाचा रंग लेखिकेने लालसर तपकिरी सांगितला आहे. मी लिहून टाकलं ‘तांबूस’. वाचून दाखवताना भाचीने मध्येच विचारलं, “म्हणजे गोरा ना रे मामा?”

तिचं काही चुकलं नव्हतं. मराठीत तांबूस म्हटलं की पाठोपाठ गोरा न बोलावता येऊन बसतो. तांबूस गोरा म्हणजे उन्हात चालून आलं की ज्याचे गाल लाल होतात तो. मला हवा होता तो रंग तांब्याच्या घागरीचा, आणि तीही चिंचेने घासून लखलखीत केलेली नव्हे. चार दिवस वापरात राहून गडद झालेली. शेवटी सरळ ‘तांब्याच्या घागरीच्या रंगाचा’ असं लिहिलं. वाक्य लांबलं, पण पोरगा हातचा गेला नाही.

भाचीने त्याला एका शब्दाच्या घसरणीवरून गोरा केला. अमेरिकेतल्या साय-फाय चॅनेलने तो पूर्ण शुद्धीत, पैसे मोजून गोरा केला. डिसेंबर २००४ मध्ये ‘अर्थसी’च्या पहिल्या दोन कादंबऱ्यांवर बेतलेली मालिका दोन रात्रींत दाखवली गेली. गेड झाला होता शॉन अ‍ॅशमोर, गोरा तरुण नट. गेडचा जिवलग मित्र व्हेच पुस्तकात जवळजवळ काळा आहे, तोही गोरा झाला. गुरू ओगियनच्या भूमिकेत तेवढे डॅनी ग्लोव्हर. आणि गंमत पुढेच आहे: या कथेतल्या मुख्य पात्रांपैकी जी एकमेव खरोखर गोरी, ती टेनार, तिच्या भूमिकेत क्रिस्टिन क्रूक, जिच्या आईचं घराणं चिनी वंशाचं. म्हणजे मूळ पुस्तकातला रंगांचा पट कोणीतरी उचलून पालथा घातला, आणि तसा घातलाय हे बहुधा त्यांच्या लक्षातही आलं नाही. ज्यांनी गेडच्या नावांचीसुद्धा अदलाबदल केली त्यांच्याकडून लक्ष देण्याची अपेक्षा तरी काय करायची? पुस्तकात ‘गेड’ हे त्याचं खरं, गुप्त नाव. ते ज्याला कळलं त्याच्या हातात गेडचा जीव. चारचौघांत तो ‘स्पॅरोहॉक’. मालिकेत सगळे त्याला चारचौघांत गेड म्हणून हाका मारतात. ज्या कथेत नावातच सगळी जादू आहे तिची ही गत.

ल ग्विन गप्प बसल्या नाहीत. मालिका दाखवल्यानंतर काही दिवसांतच त्यांनी ‘स्लेट’ या नियतकालिकात लेख लिहून आपला गेड पांढरा धुऊन काढल्याबद्दल निर्मात्यांना झोडपलं. करारात त्यांना ‘सल्लागार’ म्हटलं होतं. हा शब्द आपल्याही ओळखीचा आहे. ज्याला कोणी काही विचारत नाही, पण ज्याचं नाव पाटीवर लागतं, तो सल्लागार.

इथवर वाचून कोणी म्हणेल, एवढं काय त्यात? जादूगारांची, ड्रॅगनांची गोष्ट. मुळात कोणी कधी न पाहिलेली बेटं. तिथे एखादा मुलगा तांब्याच्या रंगाचा काय आणि दुधाच्या रंगाचा काय. हा प्रश्न भाबडा वाटला तरी त्याला उत्तर द्यायला हवं, आणि ते उत्तर त्या पुस्तकाच्या रचनेत आहे.

ल ग्विन पहिल्या पानावर गेडचा रंग सांगत नाहीत. आधी दिसतो तो एक आईवेगळा, आडदांड पोरगा. मावशीने म्हटलेला मंत्र तो चोरून म्हणतो, बकऱ्या त्याच्याभोवती गोळा होतात आणि हटायचं नावच घेत नाहीत. मग गावावर हल्ला होतो. बारा वर्षांचा हा पोरगा धुकं आणून गाव वाचवतो. आता हल्लेखोर कोण? कार्ग नावाचे समुद्रावरून आलेले लुटारू, पांढऱ्या कातडीचे आणि पिवळ्या केसांचे. १९६८ सालच्या अमेरिकन वाचकाच्या डोळ्यांवरून हे निसटून जातं. तो तोवर गावाच्या बाजूने लढतोय, धुक्यात चाचपडतोय. पुढे ओगियन येतो आणि एका उपवाक्यात कळतं की गाँटच्या बहुतेक माणसांसारखा तोही तांब्याच्या रंगाचा आहे. मग रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत व्हेच भेटतो, आणि त्याचा काळसर रंग सांगताना लेखिका सहज म्हणून जाते की तो गेडसारखा लालसर तपकिरी नव्हता. बस्स. नायकाचा रंग कळतो तो मित्राचं वर्णन करताना, तुलनेत. तोवर गोरा वाचक गेडच्या कातडीत जाऊन बसलेला असतो आणि आता बाहेर यायला उशीर झालेला असतो.

हा सापळा आहे, आणि मला तो त्या पुस्तकातल्या कुठल्याही मंत्रापेक्षा भारी वाटतो. बर्कलीच्या पार्नासस प्रेस या लहानशा प्रकाशनाने किशोरांसाठी काढलेलं हे पुस्तक. जादूगार म्हणजे पांढरी दाढी, नायक म्हणजे गोरा तरुण, आणि काळ्या-सावळ्या लोकांनी दक्षिणेकडून किंवा पूर्वेकडून शत्रू म्हणून यायचं, अशी त्या काळची वहिवाट. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांच्या या मुलीने ती वहिवाट एकही भाषण न ठोकता उलटवली. वडिलांनी कॅलिफोर्नियातल्या आदिवासींच्या भाषा आणि चालीरीती नोंदवण्यात हयात घालवली. आई थिओडोरा यांनी ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस समजल्या गेलेल्या ईशीवर १९६१ मध्ये पुस्तक लिहिलं. कोणाचं जग कोणाच्या हातून पुसलं गेलं, हा विषय त्या घरात जेवणाच्या टेबलावरचा होता असं समजायला हरकत नाही.

तेव्हा गेडला गोरा करणं म्हणजे नायकाच्या शर्टाचा रंग बदलणं नव्हे. सापळ्यातला चाप काढून घेऊन नुसती पेटी दाखवल्यासारखं ते झालं.

अशा वेळी चित्रपटवाल्यांकडे एक उत्तर तयार असतं: आम्ही रंग बघितलाच नाही, फक्त अभिनय बघितला. ऐकायला हे वाक्य किती उदार! पण रंग न बघता निवडलेली माणसं नेमकी गोरीच निघावीत, हा योगायोग फारच वक्तशीर आहे. लेखिकेने मुद्दाम, विचार करून दिलेला रंग ज्यांना ‘दिसला नाही’ त्यांना आंधळं म्हणायचं की वाचन कच्चं म्हणायचं? आणि ही सवय पडद्यापुरती नव्हती. ल ग्विन यांच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरही गेड वर्षानुवर्षं गोरा छापला गेला. पहिल्या आवृत्तीचं रूथ रॉबिन्स यांचं मुखपृष्ठ सोडलं तर त्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा भांडावं लागलं, कारण मुखपृष्ठावर काळा-सावळा चेहरा असला की पुस्तक खपत नाही, ही प्रकाशन धंद्यातली जुनी समजूत. पुस्तक खपत नाही म्हणून चेहरा छापायचा नाही. छापला नाही म्हणून तो खपतो की नाही हे कधी कळायचंच नाही.

मात्र निर्मात्यांची एक खरी अडचण मला मान्य करायला हवी. पुस्तकातला तो सापळा पडद्यावर जसाच्या तसा लावता येत नाही. लेखक रंग लपवू शकतो, कॅमेरा नाही. पहिल्या चौकटीत चेहरा आला की रंग आला. पण म्हणून दुसरा सापळा लावता येत नाही असं थोडंच आहे? गाव तांब्याच्या रंगाचं दाखवा, भट्टी, बकऱ्या, मावशी, सगळं इतकं निवांत दाखवा की प्रेक्षकाला तेच घर वाटेल. मग धुक्यातून पिवळ्या केसांची माणसं येऊ द्या. एकही संवाद न घालता काम झालं असतं.

आता सावध राहायला हवं. कारण ‘पुस्तकात लिहिलंय तसंच दाखवा’ हे माझं वाक्य उचलून उलट बाजूने वापरणारे पुष्कळ आहेत. २०२२ मध्ये टॉल्किनच्या मध्यपृथ्वीवर बेतलेली ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिका आली तेव्हा इस्माएल क्रूझ कॉर्डोव्हाचा सावळा एल्फ आणि सोफिया नॉमव्हेटेची काळी बुटकी युवराज्ञी बघून लोकांनी त्या नटांना शिव्या घातल्या, आणि वर टॉल्किनचा हवाला दिला. मला या मंडळींच्या ग्रंथनिष्ठेवर विश्वास नाही. का, ते सांगतो. ‘द हंगर गेम्स’ कादंबरीत रू नावाची बारा वर्षांची मुलगी आहे. तिची कातडी आणि डोळे गडद तपकिरी आहेत हे पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. २०१२ च्या चित्रपटात ती भूमिका अमांडला स्टेनबर्ग या काळ्या मुलीने केली, म्हणजे अगदी पुस्तकाबरहुकूम. तरीही पुस्तकाचे चाहते म्हणवणारे कित्येक जण चिडले. रूच्या मरणाचं आता तेवढं वाईट वाटलं नाही, असंही काहींनी लिहिलं. या लोकांनी पुस्तक वाचलं होतं. वाचताना डोळ्यांनी ते वाक्य गिळलं होतं, एवढंच.

टॉल्किनचं म्हणाल तर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या प्रस्तावनेतच हॉबिटांच्या तीन जमाती सांगितल्या आहेत, आणि त्यांतल्या हारफूट या सर्वांत मोठ्या जमातीची कातडी इतरांपेक्षा तपकिरी आहे. पण २०१० मध्ये न्यूझीलंडच्या हॅमिल्टन शहरात ‘द हॉबिट’साठी गर्दीतली माणसं निवडत होते, तेव्हा पाकिस्तानी वंशाची एक बाई रांग लावून आत गेली आणि तिला सांगितलं गेलं की हॉबिट व्हायला तुझा रंग पुरेसा उजळ नाही. बोभाटा झाल्यावर निवड करणाऱ्याला काढून टाकलं गेलं. त्याआधीच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तीन चित्रपटांत सावळी माणसं नव्हतीच असं मात्र नाही. माओरी नट लॉरेन्स मकोआरे त्यांत होता: आधी लुर्ट्झ हा राक्षसी उरुक, मग शेवटच्या भागात विच-किंग आणि ऑर्कांचा सेनापती गोथमॉग. होता, पण रबराखाली. मध्यपृथ्वीत त्याच्या कातडीला जागा होती ती मुखवट्याच्या आत.

म्हणून ‘पुस्तकासारखं’ ही माझी कसोटी नाही. माझी कसोटी साधी आहे: या कथेत रंग काही काम करतो का? करत असेल तर ते काम पडद्यावर कोण करणार? करत नसेल तर हवा तो नट घ्या, मी एक अक्षर बोलणार नाही.

या कसोटीवर मला न आवडलेलं एक उदाहरण आहे, आणि तिथे मी ज्यांच्या बाजूने आहे त्यांच्याशीच माझं भांडण आहे. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘व्हील ऑफ टाइम’ मालिकेतली पहिली कादंबरी १९९० ची. अ‍ॅमेझॉनवरची मालिका २०२१ मध्ये सुरू झाली आणि तीन हंगामांनंतर बंद पडली. यातलं टू रिव्हर्स हे खेडं जगापासून इतकं तुटलेलं आहे की राणीचा कर वसूल करायलाही पिढ्यान्‌पिढ्या कोणी फिरकलेलं नाही. तिथले सगळे काळ्या केसांचे, काळ्या डोळ्यांचे. एकटा रँड उंच, लालसर केसांचा, करड्या डोळ्यांचा. हा कुणीकडचा, अशी शंका वाचकाला पहिल्यापासून येते. पुढे कळतं की तो वाळवंटातल्या आयेल लोकांच्या रक्ताचा आहे. म्हणजे इथे रंग काम करतो; रँडचं परकेपण त्याच्या कातडीवर लिहिलेलं आहे.

मालिकेने खेड्यात सगळे रंग आणले. नायनीव्ह, एग्वेन आणि पेरिन सावळे, मॅट मात्र गोरा. समर्थन असं दिलं गेलं की हजारो वर्षांत माणसं मिसळली. पण माणसं खरंच हजारो वर्षं मिसळली, आणि नंतर खेडं बंद पडलं, तर तिथे पाच रंग उरणार नाहीत, एकच उरेल, गव्हाळ किंवा तपकिरी. शेताच्या बांधावरचा कोणीही शेतकरी सांगेल की दोन वाणांचा संकर वर्षानुवर्षं त्याच वावरात पेरत गेलं की वाण वेगळे ओळखू येत नाहीत. तेव्हा अख्खं टू रिव्हर्स सावळं करायचं होतं, झाडून सगळं, आणि त्यात एकटा रँड गोरा. तेवढ्याने कथेतलं कोडं पुस्तकाहूनही धारदार झालं असतं, आणि नेहमीच्या गणिताच्या उलट, गोरा हा उपरा ठरला असता. मालिकेने अर्धं धाडस केलं. मला त्यांचं धाडस खटकत नाही, अर्धेपण खटकतं. याच मालिकेत व्हाइट टॉवरमधल्या अलानाच्या भूमिकेत प्रियांका बोस येते आणि अजिबात खटकत नाही, कारण त्या मनोऱ्यात जगभरातून बायका येतात हे कथेतच आहे.

याउलट ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’. जॉर्ज मार्टिन यांच्या २०१८ च्या ‘फायर अँड ब्लड’ या पुस्तकात वेलेरियन घराणं गोरं आणि रुपेरी केसांचं आहे. २०२२ च्या मालिकेत कॉर्लिस वेलेरियन झाले स्टीव्ह टूसाँ, काळे नट. त्यांना यथेच्छ शिव्या पडल्या. उडते ड्रॅगन आणि पांढरे केस चालतात, पण एक श्रीमंत काळा माणूस चालत नाही, अशा अर्थाचं त्यांनी मग बोलून दाखवलं. पण बघा त्या निवडीने काय केलं. कॉर्लिसच्या मुलाचं लग्न राजकन्या रेनीराशी होतं. तिला मुलगे होतात ते तपकिरी केसांचे. पुस्तकात संशयाला जागा आहे ती केस, डोळे आणि नाकापुरती; कोणी म्हणू शकतो, आजीवर गेला असेल. मालिकेत बाप काळा, मुलं पांढरी फटक. आता संशयाला जागाच नाही. दरबारातल्या प्रत्येकाला दिसतंय, आणि म्हातारा राजा सांगतोय की ही माझी नातवंडं आहेत, विषय संपला.

मग वेमंड वेलेरियन उभा राहतो. रुपेरी केसांचा, काळ्या कातडीचा, आपलं घराणं दुसऱ्याच्या रक्ताकडे चाललेलं बघणारा माणूस. सगळ्यांना दिसतंय ते तो भर दरबारात मोठ्याने बोलतो. राजा कट्यार काढून म्हणतो, तुझी जीभ छाटीन. तेवढ्यात मागून राजाच्या भावाची, डेमनची, तलवार फिरते आणि वेमंडच्या डोक्याचा वरचा भाग उडतो. जीभ जबड्यात तशीच राहते. पुस्तकात हा प्रसंग वेगळा आणि उरकता आहे. पडद्यावर तो सत्तेचा धडा झाला आहे: डोळ्यांना दिसणारं कोणी बोलायचं आणि कोणी नाही, हे कोण ठरवतं. ही ताकद आली ती पात्राचा रंग पुस्तकापासून बदलल्यामुळे. ग्रंथनिष्ठा पाळली असती तर ती हाती लागली नसती.

रंगभूमीचा मात्र न्याय वेगळा आहे आणि मराठी माणसाला तो समजावून सांगायची गरज नाही. १९११ च्या ‘मानापमान’मध्ये बालगंधर्व भामिनी होऊन आले आणि थिएटरातल्या बायका त्यांची साडी नेसण्याची तऱ्हा न्याहाळत बसल्या. पुरुष आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं? ठाऊक असूनही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की आज रात्री हे असं. सुरुवातीच्या मूकपटांनीही तो करार जपला. फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये १९१७ साली एकटे अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही होते! पीटर ब्रुक यांनी १९८५ मध्ये आव्हिन्याँला नऊ तासांचं ‘महाभारत’ उभं केलं तेही अशाच करारावर. त्याच्या १९८९ च्या चित्रपटात युधिष्ठिर पोलंडचा, अर्जुन इटलीचा, भीम सेनेगलचा, आणि द्रौपदी आपल्या मल्लिका साराभाई. भाऊ एकमेकांसारखे दिसत नाहीत म्हणून तक्रार करावीशी वाटत नाही, कारण कोणीच कोणासारखं दिसत नाही. नियम एकदा सांगितला आणि शेवटपर्यंत पाळला. ब्रुक यांच्यावर दुसरे आक्षेप घ्यायला भरपूर जागा आहे आणि आपल्याकडे ते घेतलेही गेले, पण हा नव्हे. लंडनच्या रंगमंचावर २०१६ मध्ये नोमा डुमेझवेनी या काळ्या नटी हॅरी पॉटरमधल्या हर्मायनी झाल्या तेही मला याच न्यायाने पटतं. टीव्हीवरच्या कथनाची गोम अशी की तिथे खेडं खरं, चिखल खरा, शिळ्या पावाचा तुकडाही खरा दाखवतात आणि फक्त नात्यागोत्यांच्या बाबतीत रंगभूमीचा करार मागतात. दोन्हीकडे मेजवानी झोडता येत नाही.

हर्मायनीचा विषय निघालाच आहे तर आपल्या पाटलांच्या पोरींकडेही वळू. हॅरी पॉटरच्या शाळेत पार्वती आणि पद्मा पाटील या जुळ्या बहिणी आहेत. कुठल्या पाटील, कोल्हापूरच्या की बेळगावच्या, हे रोलिंगबाईंनी सांगितलेलं नाही आणि त्यांना विचारावंसं वाटलं असेल असंही दिसत नाही. चित्रपटात शेफाली चौधरी आणि अफशान आझाद या बांगलादेशी वंशाच्या ब्रिटिश मुली त्या झाल्या. माझी तक्रार त्याबद्दल मुळीच नाही. तक्रार आहे ती २००५ च्या चौथ्या चित्रपटातल्या नाचाच्या रात्रीबद्दल. सगळ्या शाळेतल्या मुली झगमगीत झग्यांत, आणि आपल्या पोरींच्या अंगावर गुलाबी-केशरी, मरगळलेले लेहंगे. पाटलांच्या घरच्या लग्नात करवली म्हणूनही कोणी असं उभं राहू दिलं नसतं. शिवाय पुस्तकात दोघी वेगवेगळ्या हाउसमध्ये आहेत; चित्रपटाने एकाच हाउसमध्ये बसवून टाकल्या. सावळ्या मुली घेतल्या, हे झालं; त्यांच्याकडे बघितलं का, हा प्रश्न उरतोच. याच चित्रपटमालिकेत लॅव्हेंडर ब्राउन ही मुलगी सुरुवातीला गर्दीत दिसते तेव्हा काळी आहे. सहाव्या चित्रपटात ती रॉनची मैत्रीण होते, संवाद मिळतात, आणि ती गोरी होते. यावर मी काही भाष्य करत नाही.

आता पॉटरच्या नव्या मालिकेत स्नेपच्या भूमिकेत पापा एसिएडू आहेत, हे २०२५ मध्ये जाहीर झालं. नट जबरदस्त आहे. पण पाचव्या पुस्तकातला तो तळ्याकाठचा प्रसंग आठवा: हॅरीचा बाप जेम्स आणि त्याचे दोस्त भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, गरीब घरच्या स्नेपला मंत्राने उलटा टांगतात आणि हसतात. टांगलेला मुलगा काळा आणि टांगणारे गोरे असतील तर ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत तो प्रसंग शाळेतल्या दांडगाईचा राहत नाही. हॅरीच्या बापाबद्दल प्रेक्षकाला जे वाटेल ते वेगळंच असेल. हे वाईटच होईल असं नाही. कदाचित कथा जास्त खरी होईल. मात्र लेखकांना ते लिहावं लागेल. रंग दिसतोय आणि कथा मात्र न दिसल्यासारखं करतेय, असं झालं की सगळं फसतं.

रंगाचा अर्थ जागेवर अवलंबून असतो, हे ल ग्विन यांनाही ठाऊक होतं. २००६ मध्ये जपानच्या स्टुडिओ घिब्लीने गोरो मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अर्थसी’वर अ‍ॅनिमेशनपट काढला. त्यातली बहुतेक माणसं अमेरिकन डोळ्यांना गोरीच दिसतात, असं त्या म्हणाल्या, पण जपानी प्रेक्षकाला ती वेगळी दिसत असावीत अशी आशाही त्यांनी व्यक्त केली. साय-फाय चॅनेलवर ओढलेला आसूड त्यांनी इथे ओढला नाही.

मग आपल्या डोळ्यांना काय दिसतं? इथे माझी भाची पुन्हा आठवते. आपल्याकडे ‘सावळा’ हा शब्द दोन ठिकाणी राहतो. पंढरपूरच्या वाटेवर तो लाडाचा आहे. विठ्ठल सावळा, काळ्या पाषाणाचा, आणि म्हणूनच सुंदर. घरी परतल्यावर लग्नाच्या बोलणीत तोच शब्द ‘पण’ सोबत घेऊन येतो: मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस. त्या ‘पण’चं आपण काही केलं नाही. महाभारतातली द्रौपदी म्हणजे कृष्णा. तिचं नावच काळ्या रंगावरून. कुठल्या निर्मात्याने त्या नावाचा मान राखून नटी निवडली? आणि २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर ‘रंग माझा वेगळा’ सुरू झाली. विषय काळ्या रंगामुळे नाकारल्या जाणाऱ्या मुलीचा. तिच्या भूमिकेत रेश्मा शिंदे, चेहऱ्यावर गडद मेकअप चढवून. अभिनय वाईट नव्हता. पण काळ्या मुलीला कोणी घेत नाही, ही गोष्ट सांगायला काळी मुलगी घ्यावीशी वाटू नये, याला काय म्हणायचं? अमेरिकेला हसण्याचा आपला हक्क त्या मेकअपच्या डबीत बुडाला.

ल ग्विन जानेवारी २०१८ मध्ये गेल्या. त्याच वर्षी चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांसह अर्थसीच्या सगळ्या पुस्तकांची एकत्र आवृत्ती निघाली. चित्रं काढताना व्हेस यांनी कित्येक वर्षं त्यांच्याशी पत्रव्यवहार केला होता, आणि त्या चित्रांतला गेड तांब्याच्या रंगाचा आहे. कागदावर तो त्यांना अखेर मिळाला. जिवंत नटाने पडद्यावर उभा केलेला तसा गेड अजून आलेला नाही. येईल तेव्हा येईल. तोवर घरात बारा-तेरा वर्षांचं कोणी असेल तर त्याच्या हातात ते पुस्तक द्या, आणि गेडचा रंग मात्र आधी सांगू नका.